खिळ्याला टांगलेलं नाव

गेली वीस वर्षं मी म्हैसुरात लोकांच्या ऑफिसांत सर्व्हर बसवतो. कोणी काय बघावं, कोणी काय बदलावं आणि कोणी कशाला हात लावू नये, हे ठरवून देणं हा त्यातला माझा भाग. साताऱ्याहून नवा आलो तेव्हा जयलक्ष्मीपुरममधल्या घरमालकाला हे काम मी अर्धा तास समजावून सांगितलं होतं. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे वॉचमन." मला राग आला होता. आता वाटतं, वॉचमन निदान दारात बसून राहतो.

मंडी मोहल्ल्यातल्या एका उदबत्तीच्या कंपनीत आम्ही नवं सॉफ्टवेअर बसवलं. ऑर्डर, माल, तपासणी, रवानगी, सगळं एकाच ठिकाणी. खाली गोदाम आणि ऑफिस, वर मालक. कोणाला किती अधिकार द्यायचे हे ठरवायला मी एकेकाला बोलावून त्याचं काम विचारलं. कामाबद्दल कोणी बोललंच नाही. शेजाऱ्याला किती मिळालं, एवढंच प्रत्येकानं विचारलं.

"त्याला डिलीट दिलंय. मला का नाही?" रवानगीचा माणूस म्हणाला.

"तुम्हाला काय डिलीट करायचंय?"

"करायचं काही नाही, सर. पण असायला पाहिजे."

विक्रीप्रमुख हा मालकाचा मेव्हणा. त्यानं यादी वाचलीसुद्धा नाही. "मला फुल," एवढंच म्हणाला, थाळी मागावी तसं. या माणसांची मला किळस यायची आणि, खरं सांगायचं तर, त्या किळसेत मला फार बरंही वाटायचं. आपण यांच्यातले नाही, असं वाटायला दुसरं काही लागत नाही.

त्यांच्यात गोदाम सांभाळणारी एक बाई होती. सगळे तिला अक्का म्हणत, तिच्याहून थोरलेही. तिचं मराठी घराणं कित्येक पिढ्या म्हैसुरातलं, त्यामुळे तिच्या मराठीत कानडी मिसळलेली. ती म्हणाली, "सर, मला लागतंय तेवढंच द्या. जास्त बेडा." बेडा म्हणजे नको. जास्त नको म्हणणारं ते त्या ऑफिसातलं एकच माणूस. माझ्याबरोबर दोन दिवस बसून तिनं एकेक स्क्रीन तपासून दिला. त्या तपासणीसाठी मी सगळे अधिकार थेट तिच्या नावावर दिले होते. नंतर काढून घेऊ म्हटलं. काढले नाहीत.

सोमवारी सकाळी काम सुरू झालं आणि सगळ्यांच्या पडद्यावर एकच वाक्य आलं: तुम्हाला परवानगी नाही. विक्रीला नाही, तपासणीला नाही, रवानगीला नाही. फक्त अक्काचा संगणक चालत होता. दाराशी कोचीला जाणारी गाडी उभी होती आणि माझ्या खुर्चीमागे पाच माणसं. मला कारण सापडेना. मागे उभी असलेली माणसं असली की मला विचार करता येत नाही. मला विचार करताना कोणी पाहिलेलं चालत नाही, हे त्याचं खरं कारण.

"आजच्या दिवस सगळ्यांनी अक्काच्या नावानं आत जा," मी म्हणालो. "उद्या दुरुस्त करतो."

त्या ऑफिसात दाराजवळ, देवाच्या तसबिरीखाली एक खिळा होता. गोदामाची किल्ली त्याला टांगलेली असे. ज्याला लागेल त्यानं घ्यावी, काम झालं की परत टांगावी. वर्षानुवर्षं तसंच चाललेलं. अक्कानं कॅलेंडरचं जुनं पान फाडलं, त्याच्या पाठीवर आपला पासवर्ड लिहिला आणि त्याच खिळ्याला लावला. मी बघत होतो. किल्लीवर कोणाचं नाव नसतं आणि लॉगिनवर असतं, हे त्या खोलीत फक्त मला कळत होतं. मी वर गेलो, सगळं सुरळीत सुरू आहे असं मालकाला सांगितलं आणि काम पूर्ण झाल्याच्या कागदावर त्याची सही घेतली.

तो 'आजचा दिवस' तीन आठवडे चालला. पासवर्ड म्हणजे तिच्या मुलीचं नाव आणि पुढे आकडे. दिवसभर ती माणसं ते नाव हॉलभर ओरडायची. "अक्का, नावाच्या पुढे आकडे किती?" कोणी त्या नावाला चाल लावली. कोणी आत जाता आलं नाही की त्याच नावानं शिवी हासडायचा. अक्का मान खाली घालून खोकी मोजत राहायची. मी गेलो की म्हणायची, "सर, माझं नाव काढा की त्यातनं. मुलीचं नाव हे, अल्वा?" अल्वा म्हणजे नाही का.

"सोमवारी नक्की," मी म्हणायचो. असे तीन सोमवार गेले. तिला निदान दुसरा पासवर्ड घालून द्यावा, तेवढंही मी केलं नाही.

मग कोचीहून माल परत आला. उदबत्त्या ओल्या होत्या, खोक्यांत बुरशी. तो माल वाळला नाही म्हणून तपासणीनं थांबवून ठेवला होता. कोणीतरी तो 'मंजूर' केला होता. मालक खाली आला, सगळ्यांना उभं केलं आणि मला नोंद छापायला सांगितली. पहिल्या पानावर मंजूर करणाऱ्याचं नाव होतं, अक्काचं. दुसऱ्या पानावर कोणत्या संगणकावरून हे झालं ते होतं. विक्रीप्रमुखाच्या. मी दोन्ही पानं छापली. दुसरं घडी घालून खिशात ठेवलं.

"मी नाही केलं," अक्का म्हणाली. "माझ्या नावानं सगळेच जातात. विचारा की ह्यांना."

डिलीट मागणारा छताकडे बघत होता. ज्याला फुल हवं होतं तो मोबाइलकडे. खिळ्यावर फक्त किल्ली होती. कॅलेंडरचं पान कोणी कधी काढलं, मला माहीत नाही. मालकानं मला विचारलं, "नोडी, बघा सर, असं होऊ शकतं?"

मी म्हणालो, "पासवर्ड सांभाळणं ही ज्याची त्याची जबाबदारी असते."

हे वाक्य मी अनेक ऑफिसांत अनेकदा बोललो आहे. ते खरं आहे, म्हणून तर ते इतकं कामाला येतं. अक्कानं माझ्याकडे पाहिलं, टेबलाच्या खणातून डबा आणि छत्री काढली आणि ती गेली. उद्यापासून येऊ नकोस, हे मालक तिच्या पाठीला म्हणाला.

त्याच दुपारी मला बिघाड सापडला. मी सॉफ्टवेअरमध्ये विक्री, तपासणी, रवानगी असे गट नीट केले होते, माणसांना गटांत घातलं होतं, पण गटांना अधिकार दिले होते सरावासाठी बनवलेल्या नकली कंपनीत. खऱ्या कंपनीत ते गट रिकामे उभे होते. अक्काला अधिकार थेट नावावर दिले होते, म्हणून तेवढं तिचं चाललं होतं. वीस मिनिटांत सगळं सुरू झालं. "वा सर!" विक्रीप्रमुख म्हणाला आणि त्यानं माझ्यासाठी कॉफी मागवली. मी ती प्यायलो.

पंधरा-वीस दिवस ते पान माझ्या पाकिटात होतं. मी ते फेकलं नाही, याचं मला समाधान वाटत होतं. माझी सदसद्विवेकबुद्धी एवढीच, घडी घालून ठेवण्याइतकी. मग माझ्याच दुसऱ्या एका गिऱ्हाइकानं फोन केला. "गोदामासाठी एक बाई आली होती. कामाची वाटते. पण जुन्या मालकाला विचारलं तर तो म्हणाला, मालात गोंधळ केला म्हणून काढली. तुम्ही तिथं होतात ना? घेऊ का?"

'घ्या' म्हणायला एक शब्द लागत होता. मी म्हणालो, "बघून सांगतो."

दुसऱ्या दिवशी नजरबाद मोहल्ल्यात तिचं घर शोधत गेलो. तिनं पान वाचलं, तिथंच दारात उभं राहून.

"हे त्या दिवशी होतं तुमच्याकडे?"

"होतं."

"मग मला काय दाखवताय? मला माहीतच होतं की." तिनं चपला घातल्या. "चला."

"आत्ता?"

"मग कधी, सर? सोमवारी?"

रिक्षानं आम्ही मंडी मोहल्ल्यात गेलो. मालकासमोर मी सगळं सांगितलं: बिघाड माझा, सगळ्यांना तिच्या नावानं आत जायला सांगणारा मी, पान लपवणारा मी. मालक बराच वेळ ते पान उलटसुलट करत राहिला. मेव्हण्याला त्यानं बोलावलं नाही. "आयतु, झालं ते झालं," म्हणाला. "अक्का, उद्यापासून ये."

"बेडा," ती म्हणाली. "मला लिहून द्या. माझी चूक नव्हती म्हणून. नवीन ठिकाणी द्यायला."

मालक टाइप करायला सांगू लागला तर ती म्हणाली, "ह्यांना हातानं लिहू दे." मी लिहिलं. शाळेतल्यासारखं, ओळी सरळ ठेवून. खाली मालकानं सही केली, त्याच्याखाली मी. तिनं कागद वाचला आणि एके ठिकाणी बोट ठेवलं. मी 'काही तांत्रिक कारणामुळे' असं लिहिलं होतं. ते खोडून तिथं 'माझ्या चुकीमुळे' असं लिहायला लावलं.

निघताना तिनं विचारलं, "आणि संगणकात? तिथं अजून माझंच नाव आहे, नव्हे?"

"आहे," मी म्हणालो. "झालेली नोंद बदलायचा अधिकार कोणालाच नाही. मालकांनाही नाही. मीच तसं बसवलंय."

"हेवढं बरं नीट बसवलंत," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

खाली जाऊन मी त्या नोंदीला एक शेरा जोडला, माझ्या नावानं. नियमाप्रमाणे शेरा खाली येतो. वर, पहिल्या ओळीत, अजूनही तिचं नाव आहे. मग त्या गिऱ्हाइकाला फोन केला. "घ्या," म्हणालो.

"काल विचारलं होतं, सर," तो म्हणाला. "तुम्ही काही कळवलं नाहीत, म्हणून आज सकाळी दुसऱ्याला घेतलं."