दोन टाळ्यांच्या मधलं

बारकी पन्नाशी ओलांडलेली बाई. पण थोरला भाऊ तिला शेवटपर्यंत बारकीच म्हणायचा. दोघंही बिनलग्नाची, एकाच घरात राहणारी, आणि कामही एकच: दृष्टिहीन मुलांसाठी पुस्तकं आवाजात उतरवायची. दादा मागच्या खोलीत दार लावून, खिडकीला गाद्या टेकवून वाचायचा. बारकी पुढच्या खोलीत कॉम्प्युटरवर ते साफ करायची. वाचताना चुकला किंवा खोकला येतोय असं वाटलं, की दादा एक टाळी वाजवायचा. वाक्य पुन्हा धरण्याआधी दुसरी. पडद्यावर टाळीची उंच रेघ उठून दिसायची, आणि दोन रेघांमधला तुकडा बारकी न ऐकताच उडवायची. कान कशाला शिणवायचे? डोळ्यांनी कापण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि त्याचा तिला चांगलाच तोरा होता.

दादाला जाऊन वर्ष झालं. छातीचं दुखणं, कळलं तेव्हा हाताबाहेर गेलेलं. तेव्हापासून मागची खोली बंदच होती. पण परीक्षा तोंडावर आल्या, इतिहासाचं पुस्तक मुलांना अजून मिळालं नव्हतं, आणि उद्या सकाळी नवी वाचणारी येणार होती. नेमका आजच कॉम्प्युटर अडून बसला: जागा शिल्लक नाही.

दुरुस्तीवाल्याने फोनवर झटक्यात निकाल लावला. "ताई, कच्चं आणि पक्कं दोन्ही साठवून बसलाय तुम्ही. पक्कं ठेवा, कच्चं उडवा. डिस्क मोकळी."

"उडवते," बारकी म्हणाली.

कच्चं म्हणजे दादाने वाचलेलं, जसंच्या तसं; पक्कं म्हणजे बारकीने कापून साफ केलेलं. बोट बटणापर्यंत गेलं, पण मन धजेना. जाता जाता एकदा ऐकावं तरी, म्हणून तिने त्याच्या शेवटच्या दिवसांतली एक फाइल लावली. धडा चाललेला. टाळी. खोकल्याची उबळ. आणि मग दादाचा आवाज, वाचण्यातला नव्हे, घरातला:

"बारके, आज जिना चढताना दम लागला गं."

टाळी. धडा पुढे सुरू.

बारकीने दचकून मागे पाहिलं. मागच्या खोलीचं दार बंदच होतं.

दादा मुलखाचा अबोल. भाजीत मीठ कमी आहे, एवढंही जेवताना त्याच्या तोंडून निघायचं नाही. स्वतःच्या दुखण्याबद्दल तर ब्र नाही. तिने दुसरी फाइल लावली. "खोकला झोपू देत नाही. तुझ्या तोंडावर सांगायला जमत नाही, म्हणून इथे सांगतो. तू ऐकशीलच." तिसरी लावली. "रुमालावर आज लाल ठिपका होता." टाळी, आणि लगेच नद्यांची नावं, खणखणीत आवाजात.

हे सगळं तिनेच कापलं होतं, चहा पिता पिता, कुठे जोड दिसू नये इतक्या सफाईने.

ऐकवत नव्हतं आणि थांबवतही नव्हतं. टाळी वाजली की ती अंग चोरून बसायची. "बारके," अशी हाक आली तेव्हा एकदा तर तिच्या तोंडून "ओ" निघून गेली. रिकाम्या घरात स्वतःचाच आवाज ऐकून तिला भीती वाटली.

शेवटच्या फाइलीत टाळी वाजली, आणि दादा चक्क हसला.

"रुमालाचं तुला सांगितलं होतं. तू काय म्हणतेस याची वाट पाहिली. साध्या शिंकेला घर डोक्यावर घेणारी तू, आणि एवढं ऐकूनही गप्प. म्हणजे घाबरण्यासारखं काही नसणार. मग कशाला जायचं डॉक्टरकडे? चल, पुढचं पान."

टाळी.

पक्क्या पुस्तकांच्या प्रती वाचनालयात होत्याच. बारकीने तिच्याकडची ती सगळी पुस्तकं निवडली, ज्यांत दादा एकदाही खोकत नव्हता, आणि उडवून टाकली. उद्यापुरती जागा झाली.