आलेखातला उंचवटा

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, एका उन्हाळ्यात, तारापूरजवळच्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या गच्चीवर मी एक यंत्र घेऊन बसले होते. लायडार त्याचं नाव. लेझरचा झोत आकाशात सोडायचा आणि हवेतल्या धुळीवर, बाष्पावर आपटून जो चिमूटभर उजेड परत येतो तो आरशाने पकडायचा. यायला किती वेळ लागला त्यावरून कळतं, कुठल्या उंचीवर हवा गढूळ आहे. हा खटाटोप वैश्विक किरणांसाठी. अंतराळातून असा किरण हवेत शिरला की क्षणभर अगदी मंद उजेड पडतो. तो मोजणारी दुर्बीण दूर एका डोंगरावर होती. पण वाटेत हवेने किती उजेड गिळला हे ठाऊक नसेल, तर त्या मोजणीला अर्थ नाही. आमचं यंत्र किनाऱ्यावर पास झालं तर डोंगरावर जाणार होतं. नापास झालं, तर माझी तीन वर्षांची पीएचडी पाण्यात.

आणि ते नापास होत होतं. रोज पहाटे, अंधार असतानाच मी मोजणी घेई, आणि रोज आलेखात साधारण सातशे मीटरवर एक उंचवटा येई. डोक्यावर लख्ख चांदण्या, ढगाचं नाव नाही, आणि माझा आलेख म्हणतोय वर काहीतरी आहे! दोष आरशाचा, हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. ठरवायला मला कधीच वेळ लागत नाही. दोनदा आरसा उतरवला, पुसला, चढवला. उंचवटा ढिम्म हलला नाही. दहाव्या दिवशी बोईसरला जाऊन माझ्या मार्गदर्शक सरांना फोन केला, आरसा बिघडलाय म्हणून सांगितलं. "परवा येतो," ते म्हणाले. "तसंच असेल तर यंत्र परत नेऊ."

मी जिच्याकडे राहत होते ती मावशी सुके बोंबील विकायची. त्या संध्याकाळी मी जेवायला नको म्हटल्यावर तिने कारण विचारलं. मी वैतागून आलेखच तिच्यापुढे टाकला. वर काही नाही, तरी हे दिसतंय, म्हटलं.

"पहाटंला वारा कुठून येतो?" तिने विचारलं.

"पूर्वेकडच्या डोंगरांतून."

"मग धूर हाय तो. तिकडं राब भाजतात ना आता."

भाताचं बी पेरण्याआधी वाफ्यावर पालापाचोळा, शेण पसरून जाळतात, तो राब. त्या दिवसांत डोंगरातल्या पाड्यापाड्यावर तेच चाललेलं. मला माहीत नव्हतं असंही नाही. आठवड्यापूर्वीच मनोरहून येताना एसटीत मी नाकाला रुमाल लावून बसले होते! पण आरशाचं एकदा डोक्यात बसलं ते बसलं.

"हे खरं कशावरून?" मी विचारलं.

"उंद्या मनोरचा बाजार हाय. समदी पावसाळ्याचं सुकं घ्यायला येतील. राब कोण पेटवणार? परवा पहाटं बघ, नाय दिसायचा."

परवा पहाटे नाही दिसला. रेघ अशी सपाट, की मी गच्चीवर एकटीच हसत सुटले.

दुपारी सर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आलेख पाहिला आणि म्हणाले, "सपाट रेघ बंद पडलेलं यंत्रही काढतं."

"उद्या पहाटे उंचवटा परत येईल, सर. आज ते पुन्हा राब पेटवतील." बोलून गेले खरी, पण लगेच शंका आली. उद्या वारा फिरला तर? आज कुणी पेटवलाच नाही तर?

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिघं गच्चीवर होतो. मावशी चहा घेऊन स्वतःहून वर आली होती. सर आकडे सांगत होते, मी आलेखाच्या कागदावर एकेक ठिपका देत होते. पाचशे, सपाट. साडेपाचशे, सपाट. सहाशेला पेन्सिल जरा वर गेली. सातशेला चांगलीच.

"आला!" मी किंचाळले. दहा दिवस ज्याला शिव्या घातल्या, तो आला म्हणून मी सरांच्या समोर चक्क उड्या मारल्या. इतका आनंद मला पुढे पदवी मिळाली तेव्हाही झाला नाही.

"बांधा यंत्र," सर म्हणाले. "डोंगरावर तुम्हीच घेऊन जायचं."

मावशीने यंत्रावर हळूच हात ठेवला.

"बिचारं रोज खरं सांगत होतं," ती मला म्हणाली, "आणि तू त्याचंच तोंड पुसत बसलीस."