टॉवेलातला टाका

टेलरबाईंचा स्वभाव मूळचाच संशयी. गिऱ्हाइकाने कंबर बत्तीस सांगितली, तरी स्वतः टेप लावल्याशिवाय त्या कापडाला कात्री लावायच्या नाहीत. लोक आपल्या पोटाबद्दल धडधडीत खोटं बोलतात, हा त्यांचा वीस वर्षांचा अनुभव. मग नवऱ्याला सोडतील होय?

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. तलावात बुड्या मारायला शिकला, तेवढ्यावर भागेना. आता म्हणे पाण्याने भरलेल्या गुहेत शिरायचं. ऐन पंचेचाळिशीत हे खूळ! दर रविवारी पिशवी खांद्याला लावून स्वारी शिकवणीला निघायची. सहा महिने झाले, पण टॉवेल परत यायचा तो खडखडीत कोरडा, बाईंनी घातलेल्या घडीत. पँटचे गुडघे मात्र फाटलेले आणि चिखलाने माखलेले.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. एका रविवारी त्यांनी टॉवेलाच्या घडीला आतून एक कच्चा टाका घातला. संध्याकाळी पाहिलं तर टाका शाबूत.

"पोहायला जाता की रांगायला?" त्यांनी नवऱ्याला गाठलं.

"अगं, मास्तरीणबाई म्हणतात, आधी कोरड्या गुहा. अंधार, अडचण, दोरी धरून बाहेर येणं हे अंगात मुरलं की मग पाणी."

"मास्तरीणबाई?"

"साठीच्या आहेत त्या!"

"मी वय विचारलं?"

पुढच्या रविवारी बाई स्वतःच बरोबर निघाल्या. मास्तरीणबाई निघाल्या काटकुळ्या, एका पायाने लंगडणाऱ्या. एक संशय फिटला, पण लगेच दुसरा उभा राहिला. शिकवणीतल्या सगळ्यांच्या दोरांच्या पिशव्या नवऱ्याच्या पाठीवर! फुकटचा हमाल मिळालाय हिला, बाई मनात म्हणाल्या.

गुहेच्या तोंडाशी मास्तरीणबाईंनी नियम सांगितला. "आत कुणीही, कधीही 'परत' म्हणायचं. म्हटलं की सगळे मागे फिरणार. कारण कुणी विचारायचं नाही. बाहेर आल्यावरसुद्धा नाही."

आत दिवे बंद केले. डावा हात दोरीवर, पोट जमिनीवर. वीस हात सरपटल्यावर बाईंचे खांदे दगडांत अडकले आणि त्या जिवाच्या आकांताने ओरडल्या, "परत!" सगळे मुकाट्याने फिरले. नवऱ्याचं तोंड तेवढं एवढंसं झालं.

बाहेर नवरा दोर गुंडाळत बसला, तेव्हा मास्तरीणबाईंनी टेलरबाईंना बाजूला घेतलं.

"तुम्ही पहिल्याच दिवशी 'परत' म्हणालात. हा सहा महिन्यांत एकदाही म्हणालेला नाही. छाती घासू दे, दिवा विझू दे, पुढेच! कोरड्यात फार तर खरचटतं. पाण्यात हवा मोजकी. असली माणसं तिथून बाहेर येत नाहीत."

"मग सांगा की त्यांना तसं!"

"सांगितलं तर नुसतं मला दाखवण्यापुरतं 'परत' म्हणेल. तुम्हीही सांगू नका."

झालं! बाईंच्या जिवाला घोर लागला. रविवार आला की नवरा कुढायचा, "मला पाण्यात का सोडत नाहीत? माझं चुकतं तरी काय गं?" एका शब्दाचं काम होतं. बाई ओठांत टाचण्या धरायच्या आणि नुसती मान हलवायच्या. कधीकधी त्यांना स्वतःचाच संशय यायचा. हा कोरडाच राहावा असं मलाच तर वाटत नाही ना? वाटत होतं, चांगलंच वाटत होतं.

दोन महिन्यांनी एका रविवारी तो भर दुपारीच घरी आला आणि मशीनशेजारच्या स्टुलावर मटकन बसला.

"संपलं," तो म्हणाला. "आज छाती अडकली. नेहमीच अडकते, पण आज घाबरलो. 'परत' म्हणालो. माझ्यापायी सगळ्यांना फिरावं लागलं."

बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "कुणी सांगितलं होतं तसं म्हणायला?"

"कोण सांगेल? लाज गेली माझी!" तो मान वर करेना. खोटं नव्हतं.

"मास्तरीणबाई काय म्हणाल्या?"

"कारणही विचारलं नाही. हाकलून द्यायचं सोडून म्हणतात, पुढच्या रविवारी टॉवेल विसरू नकोस. आजवर कधी विसरलोय का मी?"

म्हणजे आता पाणी, बाईंनी ओळखलं. त्यांनी पिशवीतून टॉवेल काढला, घडी थोडी उघडली आणि छोट्या कात्रीने आतला टाका कापला.

"हा टाका कसला?" नवऱ्याने विचारलं.

"कारण विचारायचं नाही," त्या म्हणाल्या, आणि टॉवेल तोंडाशी धरून रडायला लागल्या.