दाराच्या फटीतली पट्टी

एप्रिलच्या तीन तारखेला दुपारी दोन वाजता संघप्रिया उंदीरवाडे घरून जेवून ऑफिसात परतली, तेव्हा मेल सर्व्हर बंद होता. बिघडलेला नव्हता, कोणीतरी बंद केलेला होता. हा फरक तिला कळतो, आणि त्याचाच तिला पगार मिळतो.

चंद्रपुरातल्या एका मत्स्य सहकारी संघात ती कंत्राटी नोकरीला आहे. चंद्रपूर आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या एकशे बेचाळीस तलाव संस्था मत्स्यबीजाची मागणी या संघाकडे मेलने पाठवतात. संघाचा मेल कुठल्या बाहेरच्या कंपनीकडे नाही. हॉलच्या टोकाला लाकडी दाराची एक लहान खोली आहे. तिथे एक काळी मशीन आणि इमारतीतला एकमेव चालू एसी आहे. खोलीला कुलूप लावायचे नाही, असा आगीच्या भीतीने काढलेला जुना आदेश आहे.

मशीनवर मास्टर नावाचा एक प्रोग्रॅम चालतो. पडद्यावर तो दिसत नाही, मागे बसून असतो. तेंदूपत्ता जमा होतो त्या फळीवर मुकादम असतो तसा. मुकादम स्वतः पानांचा एकही पुडा उचलत नाही. कोणी आले की माणूस लावतो, काम झाले की सोडतो, कोणी भोवळ येऊन पडला तर दुसरा उभा करतो. मास्टरही तेच करतो. पत्र घेणारा वेगळा, तपासणारा वेगळा, पोचवणारा वेगळा. हे सगळे त्याने कामाला लावलेले लहान प्रोग्रॅम. मास्टर उठला की सगळे उठतात, तो बसला की एकही पत्र हलत नाही. संघप्रियाचे काम या मुकादमावर नजर ठेवण्याचे. तो चालू आहे का पाहायचे, नसेल तर चालू करायचा, नियम बदलले तर ते त्याला पुन्हा वाचायला लावायचे.

मास्टर आपोआप कोसळला असता तर मशीनच्या नोंदवहीत त्याच्या चुका दिसल्या असत्या. तिथे एक स्वच्छ ओळ होती: एक वाजून सव्वीस मिनिटांनी थांबण्याचा हुकूम मिळाला, थांबलो. हुकूम पूर्ण अधिकाराच्या खात्यातून आलेला. त्या खात्याचा पासवर्ड तिच्याशिवाय कोणाला माहीत असायचे कारण नव्हते.

तिने मास्टर चालू केला आणि कोणाला काही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी एक वाजून बावीस मिनिटांनी तो पुन्हा थांबला.

संशय घ्यायला माणूस तयारच होता. तिच्या आधी हे काम अठरा वर्षे घनश्यामभाऊ बावणे यांनी केले. मागच्या जूनमध्ये ते निवृत्त होऊन वरोऱ्याला गेले. मग आठ महिने जागा रिकामी होती आणि काम पाहिले ते शिपाई देवानंद मारबते याने. पस्तिशीचा, कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. घनश्यामभाऊंनी त्याला चालू कसे करायचे तेवढे शिकवले होते. जागा आपल्याला मिळेल असे त्याला वाटत होते, आणि मार्चच्या पहिल्या तारखेला कोरपन्याहून संघप्रिया आली.

आल्या दिवशी तिने दोन कामे केली. घनश्यामभाऊंची मेलपेटी बंद केली आणि पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड नियमाप्रमाणे पाकिटात घालून व्यवस्थापकांच्या कपाटात ठेवला. कपाटाची किल्ली देवानंदकडे असते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिने ते पाकीट मागून घेतले. त्याचा डिंक एका कडेला उकललेला होता. त्या उन्हात डिंक आपोआपही उकलतो, हे तिला त्या दिवशी सुचले नाही. तिने पासवर्ड पुन्हा बदलला. सर्व्हर पुन्हा बंद पडला.

रविवारी तो बंद पडत नसे. चौदा एप्रिलच्या सुट्टीलाही दिवसभर चालला. माणसे नसली की चालतो आणि माणसे आली की थांबतो, म्हणजे हे ऑफिसातल्याच कोणाचे तरी काम.

तिने एक जुना उपाय केला. जेवायला जाताना खोलीच्या दाराच्या फटीत, बिजागरीपासून चार बोटांवर, कागदाची बारीक पट्टी खोचली. दार उघडले तर पट्टी पडणार. दोन वाजता ती आली, पट्टी जागच्या जागी होती आणि मास्टर थांबलेला होता. पाच दिवस हेच झाले. म्हणजे खोलीत कोणी जात नाही, आपल्या टेबलावरूनच आत शिरतो. बाहेरून कोणी आत शिरल्याची खूण मशीनमध्ये सापडली नाही, तेव्हा ती पुसली असणार असे तिने ठरवले.

ऑफिसची वागणूकही तशीच होती. ती जेवणाच्या सुट्टीतून चार मिनिटे आधी आली की हॉलमध्ये बोलणे थांबायचे. आवक-जावक सांभाळणाऱ्या आशाबाई एकदम रजिस्टर उघडायच्या. एकदा देवानंदच्या हातात वीट होती.

"वीट कशाले?" तिने विचारले.

"पायाखाली घ्याले, बाई. टेबल उंच पडते."

टेबल उंच नव्हते.

एकोणीस तारखेच्या शनिवारी ती बहिणीच्या लग्नाला कोरपन्याला गेली. दीड वाजता देवानंदचा फोन आला.

"बाई, मेल बंद आहे. पासवर्ड सांगान तं मी चालू करून देतो."

"राहू दे," ती म्हणाली. "मी सोमवारी पाहीन."

सोमवारी तिने मास्टर चालू केला. पाठवणाऱ्यांकडे अडकून पडलेली पत्रे भराभर आत आली. त्यांत पोंभुर्ण्याच्या एका संस्थेची मत्स्यबीजाची मागणी होती, शनिवारी दुपारी सव्वातीनला पाठवलेली. यंदाच्या मागण्यांची यादी शनिवारी पाचला बंद झाली होती. यादीत नाव नाही म्हणजे यंदा त्या तलावात बीज नाही.

व्यवस्थापक प्रेमिला बुरांडे यांनी संघप्रियाला केबिनमध्ये बोलावले. केबिनमधला कूलर बंद होता आणि मॅडम वहीने वारा घेत होत्या.

"कोण करते हे?"

"शोधून राह्यली, मॅडम."

"तुमचं कंत्राट तीसला संपते. शुक्रवारी पाचपर्यंत मले लेखी पाहिजे, नावासकट. नाई तं मी दुसरा माणूस पाहीन."

गुरुवारी तिने पत्र लिहून तयार केले. त्यात देवानंद मारबते हे नाव तीनदा होते. पुरावा एकही नव्हता. म्हणून शुक्रवारी एक वाजता तिने स्कूटी काढली, कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत गेली, पंधरा मिनिटे थांबली आणि परत फिरली. देवानंदला टेबलावर, कळफलकावर बोटे असताना पकडायचे होते.

देवानंदचे टेबल रिकामे होते. हॉलमधली सगळीच टेबले रिकामी होती.

मशीनच्या खोलीचे दार सताड उघडे होते आणि त्याला वीट लावलेली होती. उंबऱ्यावर टेबलफॅन हॉलकडे तोंड करून फिरत होता. खोलीतला सगळा गारवा तो बाहेर ओढत होता. समोर सतरंजीवर सात जण डबे उघडून बसले होते. आशाबाई भिंतीला टेकून पाय पसरून होत्या. दाराच्या सगळ्यात जवळ, खुर्चीवर, मांडीवर डबा घेऊन प्रेमिला मॅडम होत्या. बाहेर पंचेचाळीस अंश होते.

आशाबाईंनी पाय जवळ ओढले.

"माझी पट्टी?" संघप्रियाने विचारले.

देवानंदने शर्टाच्या खिशातून ती काढली. "सांभाळून ठेवली आहे, बाई. रोज दोनले पाच कमी असले का लावून देतो. तिथीच, चार बोटं मोजून."

"म्हणजे रोज दार उघडता."

"कूलरची मोटार मार्चमध्येच जळाली ना, बाई," आशाबाई म्हणाल्या. "तुमची मशीन तिथी थंड्या हवेत बसते अन् माणसं इथी भाजून राह्यली. तुम्ही आल्या तवापासून दाराले हात लावू देत नाई. मंग सांगून काय फायदा?"

"अन् सर्व्हर कोण बंद करते?"

"मशीनले आम्ही हात नाई लावत," देवानंद म्हणाला. "मलेच सांगा ना, मी काऊन बंद करीन? बंद झालं का तुम्ही माह्याच तोंडाकडे पाहता."

ती सर्वांच्या मधून वाट काढत खोलीत गेली आणि पडद्यासमोर बसली. खोली गरम होती. मागे सगळे दारात येऊन उभे राहिले. एक वाजून चोवीस मिनिटांनी तिच्या डोळ्यांदेखत मास्टर थांबला.

"पाहून घ्या, बाई," आशाबाई म्हणाल्या आणि उजवा हात पुढे केला. बोटांना वरण लागलेले होते. बाकीच्यांचेही हात तसेच होते.

मशीनवर त्या घडीला काय काय चालले आहे त्याची यादी तिने पुन्हा काढली. वीज गेली की मशीन सांभाळणाऱ्या बॅटरीचा प्रोग्रॅम दिसला. त्याच्याच नावापुढे दोनचा आकडा असलेला दुसराही दिसला. तो बॅटरीचाच असेल म्हणून तिने दोन महिने सोडून दिला होता. उघडून पाहिला. तो पूर्ण अधिकाराच्या खात्यातूनच चालत होता, त्याला पासवर्ड लागतच नव्हता. चाळीस ओळी, सगळ्यात वर घ. बा. ही अक्षरे आणि सहा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली तारीख.

तिने वरोऱ्याला फोन लावला. घनश्यामभाऊ जेवत होते.

"हो, माह्याच आहे तो. एका उन्हाळ्यात एसी बंद पडला, डिस्क जळाली, तीन दिवसांच्या मेल गेल्या. तवापासून खोली पस्तीसच्या वर गेली का तो मास्टरले बसवून देते."

"देवानंदले माहीत होतं?"

"त्याले कसं माहीत राहीन? तो पावसाळ्याहिवाळ्यात होता. अन् माह्या टायमाले दार उघडायची कोणाची हिंमत होती? मी तिथीच जेवत होतो."

"मले काऊन नाई सांगितलं, भाऊ?"

"तुम्ही फोन कधी केला? आल्या दिवशी माह्यी पेटी बंद केली म्हणे. त्या पेटीत तो कारण लिहून मेल पाठवते, दर वेळी. मास्टर बसवला का लगेच."

"मेल बंद करून मग मेल पाठवते?"

घनश्यामभाऊंनी घास गिळला. "चालू झालं का पोहोचते ना," ते म्हणाले.

तिने दार लावून घेतले, खोली गार होऊ दिली, मास्टर चालू केला आणि घनश्यामभाऊंची पेटी उघडली. बंद पेटीतही पत्रे येऊन पडत राहिली होती, अकरा, सगळी न वाचलेली. पाहता पाहता बारावे येऊन पडले. सगळ्यांत मजकूर एकच: खोलीचे तापमान इतके, मास्टर थांबवला आहे, एसी किंवा दार पाहावे.

साडेचारला तिने गुरुवारच्या पत्राच्या कोऱ्या बाजूवर नव्या पत्राचा मसुदा केला. कारणे क्रमाने लिहिली. पहिले, बावणे यांची पेटी न वाचता बंद केली, ती मी. दुसरे, त्यांच्या प्रोग्रॅमची नोंद हस्तांतराच्या कागदात नव्हती. तिसरे, जेवणाच्या सुट्टीत कर्मचारी दार उघडे ठेवतात. चौथे, शनिवारी पासवर्ड मागितला असता दिला नाही, तोही मी. उशीर संघाच्या मशीनमुळे झाला असल्याने पोंभुर्ण्याच्या संस्थेची मागणी वेळेत आलेली धरावी.

मॅडमनी पत्र दोनदा वाचले.

"मी नाव मागितलं होतं."

"पहिलं माझंच आहे, मॅडम."

"अन् हे 'कर्मचारी'? म्हणजे कोण कोण?"

"हजेरीपटावर जेवढे आहेत तेवढे. तुम्ही म्हणान तं एकेक लिहून देते."

मॅडमनी पत्रावर सही केली आणि फाइलला लावले. पोंभुर्णा यादीत गेले. तीस तारखेला कंत्राटाची मुदत सहा महिन्यांनी वाढली. खरे लिहिले म्हणून वाढली, की खुर्चीवरचे आठवे नाव लिहिले नाही म्हणून, हे संघप्रियाने विचारलेले नाही. विचारायचा तिचा विचारही नाही.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कूलरला नवी मोटार बसली. आता ती डबा घेऊन येते आणि दार लावून मशीनच्या खोलीतच जेवते. देवानंदला तिने वेगळे खाते करून दिले. त्यातून त्याला मास्टर पाहता येतो आणि चालू करता येतो.

"बंद करायचं काऊन नाई दिलं?" त्याने विचारले.

"बंद करायले आपल्या इथी ऊन आहे," ती म्हणाली. तो हसला. ती हसली नाही.

संध्याकाळी निघताना ती दाराच्या फटीत पट्टी अजून खोचते, बिजागरीपासून चार बोटांवर. सकाळी ती तिथेच असते, पण एप्रिलमध्येही ती रोज तिथेच असायची. म्हणून आता ती पट्टीच्या मागच्या बाजूला पेन्सिलने बारीक तारीख घालते, आणि रोज पट्टी लावताना कोणती बाजू आत ठेवली ते लक्षात ठेवते.