आईच्या आंब्याचे पैसे अमेरिकेला गेले

आमच्या पूर्णगडच्या घरात पैसा नेहमी बाहेरून आला. बाबा परदेशी जहाजावर खलाशी होते. त्यांनी पाठवलेल्या पैशांवर आम्ही दोघं भावंडं शिकलो. ते गेल्यावर आईने हापूसची चाळीस कलमं एकटीने सांभाळली. मी रत्नागिरीला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागलो आणि धाकटी बहीण लग्न होऊन अमेरिकेला गेली.

२००२ साली मेहुण्यांची कॉम्प्युटर कंपनीतली नोकरी गेली. बहिणीचा नर्सिंगचा अभ्यासक्रम तेव्हा संपत आला होता. एका रविवारी फोनवर ती म्हणाली, "शेवटची सहामाही राहिली आहे, पण फी जमणार नाही. सोडून देते."

आईने माझ्या हातातून फोन घेतला. "किती लागतात?"

"नको गं आई. अमेरिकेत राहून आईकडून पैसे मागवले, म्हणतील लोक."

"लोकांना मीच सांगणार आहे. तू आकडा सांग, बाय."

त्या वर्षी आंबा बरा गेला होता. ते पैसे बागेभोवती चिऱ्याचा गडगा घालायला ठेवले होते. आई म्हणाली, "गुरं आत शिरतात तर मी हाकलीन. आणखी एक वर्ष."

बहिणीच्या कॉलेजचं फीचं पत्र फॅक्सने मागवलं आणि आम्ही रत्नागिरीच्या बँकेत गेलो. काउंटरवरच्या माणसाने आईच्या नऊवारीकडे पाहून विचारलं, "काकी, बाहेरून पैसे आलेत ना? पासबुक द्या."

"आलेले नाहीत. पाठवायचेत. अमेरिकेला."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी फीचं पत्र त्याच्यापुढे ठेवलं.

मॅनेजरांनी मुंबईला दोनदा फोन केला, कपाटातून फॉर्म शोधून काढला. पैसे कशासाठी, या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. आई म्हणाली, "लेकीचं शिक्षण, असं लिहा." मग तिने खाली आपलं पूर्ण नाव सावकाश लिहिलं.

"आखातातून आलेले पैसे इथे रोज देतो," मॅनेजर म्हणाले. "इथून तिकडे पाठवणाऱ्या तुम्ही मी पाहिलेल्या पहिल्याच."

"आंबा परदेशी जातो," आई म्हणाली, "मग आंब्याचे पैसे का नाही जाणार?"

ते उठून दारापर्यंत आम्हांला पोचवायला आले.

त्याच महिन्यात वर्गात मी एक तक्ता शिकवत होतो: परदेशातल्या नातलगांनी पाठवलेल्या पैशांचा कुठल्या देशाच्या उत्पन्नात किती वाटा आहे. गरीब देशांचे आकडे मोठे होते. अमेरिकेपुढे जवळजवळ शून्य. दरवर्षी मी त्या ओळीवरून पुढे जायचो. त्या दिवशी तिथे थांबलो आणि मुलांना म्हणालो, "हे शून्य नाही. दशांशचिन्हापुढे बरंच लांब गेलात तर तिथे माझी आई सापडेल." मुलं हसली. मी फळ्याकडे वळलो.

बहीण पास झाली, तिथल्याच एका इस्पितळात लागली. मेहुण्यांना काम मिळेपर्यंत घर तिच्याच पगारावर चाललं.

दोन वर्षांनी मे महिन्यात ती आली. येताना रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन आली होती, आईसाठी. आईने दुसऱ्याच दिवशी अर्धी वाडी ओटीवर आणून बसवली.

"दंड मोकळा करा, घाबरू नका," आई शेजारणीला सांगत होती. "माझी लेक बघत्येय."

बहीण मान खाली घालून एकेकीच्या दंडाला पट्टा बांधत होती. जेवायला बसायला आम्हांला तीन वाजले.