तवमणीने नाव घेतले नाही

ऑस्ट्रेलियातल्या डँडेनाँगच्या आमच्या मंदिरात तवमणी दर शुक्रवारी नवऱ्यासाठी अर्चना करते. पुजारी नाव विचारतो, ती माझ्याकडे बघते आणि मी सांगतो, "कनगसबै, नक्षत्र हस्त." मंदिराचे हिशेब माझ्याकडे, त्यात हेही काम आले. जाफन्याहून लष्कराने उचलून नेल्यापासून कनगसबैचा पत्ता नाही. तो जिवंत आहे अशी तिची खात्री आहे, आणि आपल्या तोंडून नाव निघाले तर त्याचे आयुष्य घटेल अशी भीती.

याच नावापायी तिचा निर्वासितांसाठीचा संरक्षण व्हिसा अडला. व्हिसाचे अपील ऐकणाऱ्या लवादाने नवऱ्याचे नाव विचारले, तिने घेतले नाही. निकालात आले की अर्जदार नवऱ्याचे नावही सांगत नाही, सबब तिची हकीकत विश्वासार्ह नाही. आता उरले होते न्यायालय. तिथे हरली असती, तर कोलंबोचे विमान.

मी तिला विनवले, "एकदा घेऊन टाक ना नाव. जीव तरी वाचेल."

"अण्णा, वहिनी तुम्हाला काय म्हणून हाक मारतात?"

"अहो, ऐकलंत का."

"इतकी वर्षं ऑस्ट्रेलियात राहून त्यांना जमलं नाही, आणि मला आजच जमायला हवं?"



तिची वकील ब्रॉनी. तिने आधीच समजावले होते, "तुमची कहाणी खरी की खोटी, हे न्यायाधीश ठरवणार नाहीत. लवाद कायद्याप्रमाणे वागला का, एवढंच बघतील."

"म्हणजे रडून उपयोग नाही?" तवमणीने विचारले.

"नाही."

"बरं झालं. मला रडता येतच नाही."

ब्रॉनीने लवादापुढच्या सुनावणीचे ध्वनिमुद्रण दुसऱ्या दुभाष्याकडून ऐकून घेतले. त्यात तवमणी तमिळमध्ये स्वच्छ म्हणाली होती, "तोंडाने घेणार नाही. कागद द्या, लिहून देते." पहिल्या दुभाष्याने इंग्रजीत एवढेच सांगितले होते, "ती सांगणार नाही."

न्यायाधीशांनी तो उतारा दोनदा वाचला. "सांगणार नाही आणि लिहून देते, ही दोन वेगळी उत्तरं आहेत," ते म्हणाले. "या बाईंचं उत्तर लवादापर्यंत पोहोचलंच नाही." निर्णय रद्द झाला. ती निर्वासित आहे असे न्यायालयाने म्हटले नाही. लवादाने तिचे म्हणणे पुन्हा ऐकावे, असे म्हटले.

नव्या सुनावणीला मी मागे बसलो होतो. लवादाच्या नव्या सदस्य बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. तवमणीने ठळक तमिळ अक्षरांत नाव लिहिले, पदराने हात पुसला आणि पुढच्या प्रत्येक प्रश्नाला ताठ मानेने उत्तर दिले.

व्हिसा मिळाला त्या शुक्रवारी पुजाऱ्याने नेहमीप्रमाणे नाव विचारले. तिने माझ्याकडे पाहिले. मी सांगितले, पण आवाज जरा जास्तच चढला. सगळे वळून बघू लागले.

"अण्णा, हळू," ती पुटपुटली. "देव काही बहिरा नाही."