कपाटातला आवाज

गल्लीत त्याला सगळे भोंगा म्हणत आणि त्याची त्यालाही हरकत नव्हती. उभी हयात बसस्थानकावर घोषणा करण्यात गेलेल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? मागे सरका, सामान सांभाळा, वाटेत उभे राहू नका. गाडी उशिरा येणार असली, तरी तो ते अशा सुरात सांगे की प्रवाशांना वाटावं, चूक आपलीच आहे. निवृत्त झाला तेव्हा टेबल, खुर्ची, माइक सगळं मागे राहिलं. आवाज तेवढा सोबत घरी आला. जेवताना नुसतं ‘मीठ’ म्हणाला, तरी बायको दचकून बाजूला सरके.

रिकामं बसणं त्याला जमेना. कुणाच्या तरी ओळखीने एका स्टुडिओचं घरबसल्या काम मिळालं. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, फोनवर जी वाक्यं आपण ऐकतो आणि विसरतो, ती बोलून पाठवायची. बेडरूममधल्या कपाटाचे खालचे कप्पे काढून त्याने आत एक स्टूल ठेवलं, चारी बाजूंनी जुन्या रजया टांगल्या. दार ओढून घेतलं की जग संपायचं. उरायचा अंधार, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि तो.

आणि मांजर. रजयांवर त्याच्याही आधीपासून मांजराचा हक्क होता. त्या जाड, करड्या बोक्याला घरात मुकादम म्हणत, कारण कुणी कामाला लागलं की हा समोर येऊन बसे, स्वतः काडीही न हलवता शेवटपर्यंत देखरेख करी. पहिले काही दिवस दोघांची कपाटाच्या मालकीवरून झटापट झाली. मग तह झाला. स्टूल भोंग्याचं, मांडी मुकादमाची.

अशात एका दवाखान्याचं काम आलं. फोन करणाऱ्याला थांबवून ठेवताना ऐकवायची वाक्यं. नमुना ऐकून स्टुडिओतल्या बाईंचा लगेच फोन आला.

“काका, काय माया आहे हो तुमच्या आवाजात! दवाखानेवाले खूश आहेत. वर्षभराचं काम देतील. फक्त एक आहे, खालून बारीक घरघर ऐकू येतेय. तेवढी काढा. उद्या संध्याकाळपर्यंत स्वच्छ आवाज हवा, नाहीतर ते दुसरं कुणी बघतील.”

माया! हा शब्द त्याच्या आवाजाला जन्मात कुणी लावला नव्हता. बायकोला सांगताना त्याची कॉलर आपोआप ताठ झाली. काम गेलं असतं तर चाललंही असतं, पण हा शब्द आता हातचा जाऊ द्यायचा नव्हता.

मग घरघरीचा शोध सुरू झाला. पंखा बंद केला. फ्रिज बंद केला. भिंतीवरचं घड्याळ काढून बादलीत ठेवलं, बादली गॅलरीत ठेवली. शेवटी त्याने मेन स्विचच पाडला.

“अहो, दूध नासेल माझं!” बायको म्हणाली.

“नासू दे. इथे माया नासायची वेळ आलीय.”

पुन्हा बोलून पाठवलं. पुन्हा घरघर. दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी सांगितलं, “काका, फोन चालू ठेवा आणि कपाटात बसा. मी ऐकते.”

तो बसला. दार ओढलं.

“ही काय, आत्ता येतेय ना! तुम्हाला ऐकू येत नाही?”

“छे. इथे चिडीचूप आहे.”

“तुमच्या जवळ काय काय आहे?”

“माइक आहे. रजया आहेत. मुकादम आहे.”

“कोण मुकादम?”

“आमचं मांजर हो. मांडीवर आहे. पण ते काही बोलत नाहीये, नुसतं घुरघुरतंय.”

 बाहेर बायकोने कपाळावर हात मारून घेतला. खरं तर तिच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्या घुरघुरीला दोघांनी आवाज म्हणून मोजणंच सोडलं होतं.

मुकादमाची हकालपट्टी झाली. भोंगा एकटा आत बसला आणि त्याने वाक्य म्हटलं. काही मिनिटांत बाईंचा निरोप आला: ‘काका, हे ऐकून पेशंट पळून जाईल.’ त्याने मांडीवर उशी घेऊन पाहिलं. उशीशी तो वैऱ्यासारखा बोलला. दाराबाहेर मुकादम नखांनी लाकूड खरवडत होता. उन्हं उतरायला लागली होती.

बायकोने दार उघडलं. “तुम्हाला कळतंय का? ती माया फोनवरच्या लोकांसाठी नव्हतीच. त्या मांजरासाठी होती.”

त्याने मांडीवरची उशी बाजूला ठेवली.

“सरका. मी बसते आत.”

“तू?”

“मी निदान घुरघुरत तरी नाही.”

“घोरतेस.”

“झोपेत. आत्ता जागी आहे. सरका म्हणते ना!”

भाजी निवडायचा पाट घेऊन ती समोर बसली. गुडघ्याला गुडघे टेकले. दार लागलं. त्याने घसा खाकरला आणि बसस्थानक बोललं. पुन्हा म्हणाला, पुन्हा बसस्थानक. तिने अंधारात चाचपून त्याच्या हातातला कागद काढून घेतला.

“पाठ आहे ना? मग इकडे बघून बोला.”

“दिसत कुठे आहेस!”

“दिसत होते तेव्हा तरी कुठे बघितलंत.”

ती हसत बोलली, पण तो हसला नाही. अंधारात तिचा श्वास ऐकू येत होता. किती वर्षं तो या श्वासाशेजारी झोपला होता, आणि तोही त्याने कधी मोजला नव्हता. माइक चालू होता. मग तो हळूच म्हणाला, जरासा अडखळत:

“थोडं थांबा. आम्ही तुम्हाला विसरलेलो नाही.”

दोघांपैकी कुणीच हललं नाही. दार खरवडणारा मुकादमही थांबला होता.

बाईंचा निरोप संध्याकाळी आला. ‘घरघर गेली. माया आहे. जराशी भीतीही आहे, पण दवाखान्याला शोभेल. काम तुमचं.’

पुढच्या आठवड्यात एकदा तो कपाटात पार्किंगवाल्यांची वाक्यं बोलत असताना बायकोने स्वयंपाकघरातून दवाखान्याला फोन लावला. तिला काही झालेलं नव्हतं. रांग लांब होती. तिला तेच हवं होतं. फोन कानाला लावून ती ओट्याला टेकून उभी राहिली.

थोडं थांबा. आम्ही तुम्हाला विसरलेलो नाही.

“बघू,” ती फोनला म्हणाली.

पुन्हा तेच वाक्य आलं. तिने गॅस बारीक केला. पलीकडे कुणीतरी नमस्कार म्हणत फोन उचलला, तशी तिने घाईघाईने फोन ठेवला, आणि पुन्हा लावला.